पडायची भिंत

"पडायसाठी भिंत बांधू? म्या?"

नागनाथमामांनी थापी चिखलात खुपसली आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "इंजिनेर बाई, उन्हानं डोकं फिरलंय काय तुमचं?"

"माझं डोकं ठिकाणावर आहे," मी म्हटलं. "तुम्ही आजवर जशी बांधत आलात तशीच बांधा. वेगळं काही नको."

"आन् मग ती पडंल म्हणता."

"पडेल."

"म्हणजे आजवर म्या पडायच्याच बांधल्या?"

या प्रश्नाला हो म्हणण्याइतकी मी तोंडाळ होते, आणि म्हटलंच. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, पण जीभ सासूची आहे असं माझी आई म्हणायची. वर सिव्हिल इंजिनिअरिंगची पदव्युत्तर पदवी. मामा पाथरखेडचे गवंडी, पन्नाशीचे, काळेशार, डोक्याला उपरणं गुंडाळलेले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, थापी उचलली आणि सरळ कॉलेजच्या फाटकाकडे चालू लागले.

त्यांना परत आणलं ते गिरजाक्कांनी. गिरजाक्का म्हणजे पाथरखेडच्या सरपंच. गावातल्या पहिल्या बाई सरपंच, आणि आवाज असा की मामा फाटकाबाहेर गेलेले असूनही जागच्या जागी थांबले.

"ओ नागनाथअण्णा! गाव पाडायला बुलडोझर येणार हाय, आन् तुमी रुसून कुठं चालला? त्या बाई आपल्याच बाजूच्या हायत. भिंत बांधा गुमान!"

मामा परतले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बांधतो. पण मला पटलेलं न्हाई."

किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. पाथरखेड कडेला होतं म्हणून वाचलं. गावात माणूस दगावलं नव्हतं, पण दगडी घरांना तडे गेले होते आणि लोक दोन हिवाळे अंगणात, पत्र्याखाली झोपत होते. सरकारने एक समिती नेमली होती आणि समितीचं मत जवळजवळ ठरलं होतं. दगडी घरं म्हणजे सापळे. सगळी पाडायची आणि गाव उचलून लांबच्या माळावर सिमेंटच्या खोल्यांत नेऊन टाकायचं. तिथे ना पाणी, ना झाड, आणि शेत गाठायचं तर तासाची पायपीट. गाव हटून बसलं होतं. पण नुसतं हटून बसून समिती ऐकत नसते, पुरावा मागते. तो पुरावा उभा करायचं काम आमच्या प्रयोगशाळेकडे, म्हणजे माझ्याकडे आलं होतं.

प्रयोग समजायला सोपा होता. कॉलेजच्या मागच्या मैदानात आम्ही रूळ टाकले होते. रुळांवर लोखंडी चाकांचा भला मोठा चौथरा, चौथऱ्यावर शेजारी शेजारी दोन खोल्या. एक अगदी पाथरखेडच्या घरांसारखी. दगड, चिखल आणि वर मातीचं जड माळवद. दुसरीही तशीच, फक्त भिंतीत जागोजाग आरपार जाणारे लांब दगड आणि दाराच्या वर चारी भिंतींना कवटाळणारा काँक्रीटचा पट्टा. रुळांच्या दुसऱ्या टोकाला उतार होता. तिथून वजन भरलेला लोखंडी डबा सोडायचा, तो येऊन चौथऱ्यावर आदळायचा आणि चौथरा भूकंपासारखा हादरायचा. साधी खोली पडली आणि मजबूत केलेली उभी राहिली, की समितीला सांगता येणार होतं: घरं पाडू नका, आम्हाला ती मजबूत करून घेऊ द्या.

अडचण मामांची होती. पाथरखेडात भिंत दोघं मिळून बांधतात. एक गवंडी आतून, एक बाहेरून, समोरासमोर. आतला आतली बाजू रचतो, बाहेरचा बाहेरची, आणि मधल्या पोकळीत गोटे आणि माती भरतात. आतला दगड आत, बाहेरचा बाहेर. भिंत ओलांडून आरपार जाणारा दगड कुणी म्हणजे कुणी घालायचा नाही. घातला तर घरातली बरकत त्या वाटेने बाहेर जाते.

म्हणूनच तिथली भिंत एक नसते, त्या एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या दोन भिंती असतात. जमीन हलली की दोघी फारकत घेतात.

हे मामांना पटवायला मी माझा जेवणाचा डबा उघडला. दोन भाकऱ्यांच्या मधे पिठलं थापलं, उभ्या धरल्या आणि हलवल्या. एक भाकरी घसरून माझ्या मांडीवर पडली.

"ही तुमची भिंत," मी म्हटलं. मग भाकऱ्या पुन्हा जुळवल्या आणि निंबाच्या काड्या आरपार खुपसल्या. हलवलं. काही पडलं नाही. "आणि ही माझी."

मामांनी भाकरीकडे बराच वेळ पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला असं मला वाटलं, पण बोलले ते वेगळंच.

"पिठलं पातळ झालंय. घट्ट असतं तर घसरली नसती. आईला सांगा तुमच्या."

गिरजाक्का पदर तोंडाला लावून हसल्या, पण नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, त्यांना जास्ती टोचू नका."

"का? पाया पडू का त्यांच्या?"

"नका टोचू म्हणलं ना," एवढंच बोलून त्या गेल्या.

मजबूत खोली माझ्या डोळ्यांसमोर झाली. साध्या खोलीचा पहिला थर बसला आणि मला हादरे मोजायची यंत्रं आणायला पुण्याला जावं लागलं. परत आले तेव्हा दोन्ही खोल्या तयार होत्या, वर मातीचा गिलावा फिरलेला. मामांबरोबर आतून बसलेला शहरातला गवंडी पैसे घेऊन गेलाही होता. मी खोलीभोवती एक चक्कर मारली. सुरेख काम होतं, ओळंबा लावायची गरज नाही इतकं सरळ.

"छान बांधलीत हो मामा, पडायची भिंत," मी चिडवलं.

ते काही बोलले नाहीत. गप्प राहणारा माणूस नव्हता तो. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

प्रयोगाच्या दिवशी अख्खं पाथरखेड ट्रकमध्ये बसून आलं. बायका, म्हातारे, लेकुरवाळ्या, सगळे. समितीचे अध्यक्ष चौबळसाहेब जीपमधून उतरले. त्यांच्यामागे आणखी चार सभासद आणि एका दैनिकाचा वार्ताहर. चौबळसाहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्या मनात निकाल आधीच लागलेला होता आणि जेवणाची वेळ जवळ आलेली होती.

पहिला धक्का. डबा धडधडत आला, आदळला. पायांखालची जमीन दणाणली, बायका किंचाळल्या. धूळ बसली. दोन्ही खोल्या जागेवर.

ठीक आहे, मी म्हटलं, पहिल्याच धक्क्याला कोण पडतं.

दुसरा, जास्त उंचीवरून. दोन्ही जागेवर. साध्या खोलीच्या कोपऱ्याला बारीक चीर, बस्स.

तिसरा. ज्या जोराने ती भिंत भुगा व्हायला हवी होती, त्या जोराने नुसते गिलाव्याचे पोपडे उडाले. खोली ठाम उभी.

गणितात दहादा तपासलेली गोष्ट समोर खोटी ठरत होती.

चौबळसाहेबांनी रुमालाने मान पुसली. "मिस उटगे, दोन्ही खोल्या उभ्या आहेत. मग तुमच्या त्या दगडांनी आणि पट्ट्याने फरक काय पडला? काही सिद्ध होत नाही. समितीला ठोस काहीतरी हवं असतं. आमचा आधीचा निर्णय कायम."

पण त्यांचं बोलणं गावाने ऐकलंच नाही. गाव नाचत होतं.

"उभी हाय! आपली भिंत उभी हाय!" कुणीतरी ओरडलं. तरण्या पोरांनी मामांना खांद्यावर घेतलं. "मामा, नाद न्हाई तुमचा! भूकंपाच्या बापालाबी ऐकंना तुमची भिंत!" एक म्हातारी कडाकडा बोटं मोडत होती. कुणीतरी म्हणालं, "आजपास्नं घरात झोपायचं गड्याहो! पत्रे काढा ते!" आणि सगळ्यांनी ओ दिली.

मी खोलीपाशी गेले होते. जिथला गिलावा उडाला होता तिथे एका दगडाचं तोंड दिसत होतं, काळा दगड, त्यात पांढरी रेघ. मी आत वाकून पाहिलं. आतल्या बाजूलाही गिलावा उडाला होता आणि त्याच जागी तोच काळा दगड होता, तीच पांढरी रेघ. जरा वर तसाच आणखी एक. पलीकडे तिसरा.

आरपार!

माझ्या डोक्यात सणक गेली. वर्षभराची मेहनत, गावाचं नशीब, सगळं या माणसाने स्वतःच्या तोऱ्यासाठी मातीत घातलं होतं! मी तरातरा गर्दीकडे निघाले. चारचौघांत त्यांची अशी खरडपट्टी काढायची की जन्मभर लक्षात राहील, एवढं एकच मनात होतं.

पण खांद्यावर बसलेल्या मामांचा चेहरा दिसला आणि पाय अडखळले. सगळे हसत होते, आणि ते पांढरेफटक पडले होते.

"उतरवा मला," ते म्हणत होते. कुणाला ऐकू जात नव्हतं. मग ते एवढ्या मोठ्याने ओरडले की जीपमध्ये चढणारे चौबळसाहेबही वळले. "उतरवा म्हणतो ना! घरात झोपू नका! खबरदार कुणी घरात झोपलं तर!"

नाच थांबला.

मामा खाली उतरले. "ह्या भिंतीत आरपार दगड हायत. बाईंना न सांगता घातलेत म्या. तुमच्या घरात ते न्हाईत. तुमची घरं पडतील."

"म्हणजे?" एक पोरगा म्हणाला.

"म्हणजे ही भिंत खोटी हाय. बाई खरं सांगत होत्या."

चौबळसाहेब परत आले. "म्हणजे हा सगळा प्रयोगच बनावट होता तर."

"बनावट न्हाई," मामा म्हणाले. "माझी चूक हाय. त्यांची न्हाई."

माझा राग आता वाटच शोधत होता, आणि समोर आले चौबळसाहेब. "बनावट शब्द मागे घ्या साहेब," मी म्हटलं. "आरपार दगड घातल्यावर साधी भिंतसुद्धा तीन धक्के खाऊन उभी राहते, हे आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत झालंय. आता दगड नसलेली दाखवते. दोन्ही खोल्या नव्याने बांधते, एकाच दिवसापासून, म्हणजे एक ओली, एक सुकी अशीही तक्रार नको. पंधरा दिवस द्या."

"समितीला असा वेळ नसतो. आणि तुमच्या वरिष्ठांना विचारलंत का?"

"नाही विचारलं. नंतर विचारेन."

"मिस उटगे, तुम्ही नोकरीत नवीन आहात..."

एवढ्यात मागून गिरजाक्कांचा आवाज आला. त्या साध्या खोलीच्या उंबऱ्यावर मांडी ठोकून बसल्या होत्या. त्यांच्यामागे दहा-बारा बायका आत जाऊन बसत होत्या, कडेवरच्या लेकरांसकट.

"साहेब, तुमी या जेवून," गिरजाक्का म्हणाल्या. "आमी इथंच हाव. पंधरा दिवस देतो म्हणला की उठतो. न्हाईतर बुलडोझर इथंच आणा, गावाकडं न्यायचा तरास नको."

वार्ताहराने कॅमेरा वर केला. चौबळसाहेबांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, गिरजाक्कांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"पंधरा दिवस," ते म्हणाले. "त्यानंतर एक शब्द ऐकणार नाही."

जीप गेली तशी मी मामांना चौथऱ्यामागे गाठलं.

"का घातले दगड?"

"चार लोकांत माझी भिंत पाडायची, नाक कापून घ्यायचं माझं?"

"आणि बरकतीचं काय झालं? आरपार दगडातून बरकत जाते ना बाहेर?"

"त्या खोलीत कोण राहतंय? कुणाची बरकत जाती?" मामा म्हणाले, पण आवाजात नेहमीचा ठसका नव्हता. मला ते उत्तर पटलं नाही. त्यांना पटलं होतं असंही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही खोल्या उतरवून पुन्हा बांधायला घेतल्या. पाथरखेडच्या बायका पाळीपाळीने चिखल कालवायला आल्या. वैशाखाचं ऊन एवढं की चिखल बघता बघता कडकडीत होत होता. मजबूत खोलीला गवंडी मिळाले. साध्या खोलीला मात्र मामांच्या समोर बसायला कुणी येईना. पडेल म्हणून ठाऊक असलेल्या भिंतीला हात लावायचा म्हणजे अपशकुन.

"आतून कोण बसतंय?" मामा सगळ्यांना विचारत होते. सगळे जमिनीकडे बघत होते.

"मी बसते," मी म्हटलं आणि ओढणी कमरेला बांधली.

बायका फिदीफिदी हसल्या. मामांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "नखं काढून या," ते म्हणाले.

माझ्यासारख्या फाटक्या तोंडाच्या मुलीनेही इतकी बोलणी कधी खाल्ली नसतील. "ह्यो दगड आसा ठिवतात व्हय? तोंड बघा त्याचं!"

"दगडाला कुठलं आलंय तोंड?"

"हाय. समद्यांना आसतंय. तुमच्याच दगडाला न्हाई."

"भिंत पाडायचीच आहे, मग दगडाचं तोंड कुणाला दाखवायचंय?"

"पाडायची आसली म्हणून काय झालं? नीट बांधूनच पाडायची. वाकडी बांधून पाडली तर साहेब म्हणंल, वाकडी होती म्हणून पडली."

हे बरोबर होतं, म्हणून मी गप्प बसले आणि दगड फिरवून ठेवला.

भिंत गुडघ्याला आली, मग कमरेला, मग छातीला. समोरासमोर बसून दोन माणसं भिंत बांधतात तेव्हा आधी एकमेकांचे चेहरे दिसतात, मग फक्त डोळे, मग काहीच नाही. वर चढून बसायची परांची बांधायची राहिली होती. भिंत डोक्याच्या वर गेली आणि मामांचा फक्त हात दिसायला लागला, दगड ठेवताना वर येणारा. तोवर त्यांचं ओरडणंही बंद झालं होतं.

"इंजिनेर बाई."

"काय?"

"आशीच भिंत म्या लेकीच्या घराला बांधली हुती."

माझ्या हातातला दगड तसाच राहिला. "कुठली लेक?"

"येकच हुती. महादेवी. तिच्या सासरी नवं घर बांधायचं निघालं. म्हणलं, दुसऱ्याला हात लावू द्यायचा न्हाई. बाहेरनं म्या बसलो, आतनं जावई. त्याला म्याच शिकवलं हुतं काम. आशी भिंत त्या गावात न्हवती बाई. लोकं येऊन हात फिरवून बघायची."

त्यांचा हात वर आला, दगड ठेवला, दाबला, खाली गेला.

"भूकंपात जावई रानात हुता, पाण्याला. ती आत हुती. तुमी भाकरी हलवून दाखवली न्हवं, तसंच झालं. बाहेरची बाजू बाहेर गेली. आतली आत."

"मामा..."

"बाहेरची माझी. आतली जावयाची. आतली पडली तिच्यावर. त्याला वाटतं त्यानं मारलं. मला वाटतं म्या. त्यापायी आमी दोघं बोलत न्हाई." पलीकडून थापीचा आवाज आला. "तुमी पुण्याला गेल्यावर अर्ध्यापातुर तुमी म्हणला तशीच बांधत हुतो. मग हात आडला. परत तशी भिंत हातनं हुईना. मग आरपार दगड टाकत सुटलो. तुमाला नाकाचं सांगितलं. ते खोटं हुतं."

मी आतल्या बाजूला मातीत बसले आणि रडले. त्या माणसाला मी भाकरी हलवून दाखवली होती, आणि तो पिठलं पातळ झालंय म्हणाला होता. माझा मलाच संताप आला. डोळे पुसले तर चिखल डोळ्यांत गेला.

"मामा, ही तुम्ही नका बांधू," मी भिंतीला म्हटलं. "मी बघते दुसरं कुणी. नाहीतर मी एकटी बांधते."

"तुमची येकटीची? ती धक्का द्यायच्या आधीच पडंल."

मला रडता रडता हसू आलं.

"बांधायची," ते पलीकडून म्हणाले. "म्याच बांधणार आन् म्याच उभं राहून बघणार. तवा बघायला न्हवतो. द्या, हितं बारका दगड द्या. चिप."

पंधराव्या दिवशी चौबळसाहेब आले. गाव आलं, पण यावेळी कुणी आवाज करत नव्हतं. मी सभासदांना बोलावून दोन्ही बाजूंचा गिलावा जागोजाग खरवडून दाखवला. साध्या खोलीत आरपार दगड नाहीत, मजबूत खोलीत आहेत. मामा चौथऱ्यासमोर उभे राहिले.

"मागे व्हा," मी म्हटलं.

"दोरीच्या मागं हाय म्या. आजून मागं हुणार न्हाई."

डबा सुटला.

पहिल्याच धक्क्याला साध्या खोलीच्या भिंतीला पोट आलं. बाहेरची बाजू क्षणभर फुगली आणि ढासळून बाहेर पडली. आतली आत कोसळली. मागोमाग माळवद. धुळीचा असा लोट उठला की आम्हाला काही दिसेना. शेजारची खोली मात्र त्या धुळीतून हळूहळू दिसायला लागली, जशीच्या तशी.

मामा हलले नव्हते. धूळ डोक्यावर, मिशांवर, पापण्यांवर. डोळे सताड उघडे. गिरजाक्का त्यांच्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

मग मामा गावाकडे वळले. "बघितलं? ह्यात झोपणार हुता. लेकरं घेऊन."

ज्या पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं ती मान खाली घालून उभी होती.

दुसरा आणि तिसरा धक्का मजबूत खोलीने पचवला. चौबळसाहेब म्हणाले, "ठीक आहे. पुरे."

"पुरे कामून?" मामा म्हणाले. "डबा वर न्या. आजून वर."

"अहो, झालं सिद्ध."

"आज झालं म्हणता, उद्या गावात येऊन म्हणाल, तीनच धक्के हुते. वर न्या बाई, पार टोकाला."

चौबळसाहेब माझ्याकडे वळले. "किती वेळा मारणार आहात तुम्ही?"

"तुमची खात्री पटेपर्यंत," मी म्हटलं. "आमचा अख्खा दिवस रिकामा आहे. जेवणाचे डबेसुद्धा आणलेत."

डबा उताराच्या टोकापर्यंत नेला. आदळला. पुन्हा नेला. शेवटी डब्याचा पुढचा लोखंडी भाग वाकला आणि डबाच रुळावरून घसरला. खोलीच्या एका कोपऱ्याला बोटभर तडा गेला होता, गिलावा सगळा उडाला होता, दोन-चार दगड निखळले होते. माणूस आत असता तर पांढरा होऊन बाहेर आला असता, पण आला असता.

चौबळसाहेबांनी त्या तड्यात बोट घालून पाहिलं. "पाथरखेडची घरं पाडायची नाहीत," ते म्हणाले. "पण प्रत्येक भिंत मजबूत करून घ्यायची. तुमच्या जबाबदारीवर, मिस उटगे."

"माझ्याच," मी म्हटलं.

गिरजाक्कांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच साहेबांना विचारलं, "मग आज तरी जेवताय का आमच्यासंगं?" साहेब जेवले. पिठलं घट्ट होतं.

मला वाटलं, संपलं. पण खरी लढाई पाथरखेडात होती.

उभ्या भिंतीत आरपार दगड घालायचा म्हणजे दोन्ही बाजूंनी एकेक दगड सोडवून मधून भोक पाडायचं, त्यात लोखंडी कांब ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. मी खडूने खुणा करत गल्लीतून निघाले आणि तिसऱ्याच घराशी मल्लप्पाअण्णा आडवे आले. गावातले सगळ्यात म्हातारे, काठी टेकत.

"बाई, पट्टा बांधा, खांब लावा, काय करायचं ते करा. पण भिंतीला आरपार भोक न्हाई पाडू देणार. आमच्या आज्यापंज्यांनी न्हाई पाडलं. घरातली बरकत बाहेर जाती."

मागे जमलेल्या लोकांनी माना हलवल्या. प्रयोग बघून आलेल्यांनीसुद्धा! माझं डोकं पुन्हा तडकलं. मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात मामांनी मला हाताने बाजूला केलं.

"अण्णा, माझ्या घरापासनं सुरू करायचं," ते म्हणाले. "चला समदे."

सगळे मामांच्या घराशी गेलो. त्यांनी दाराशेजारच्या भिंतीवर, माझ्या खडूच्या खुणेवर, छिन्नी टेकवली. आणि पहिल्यांदाच, त्या गल्लीत, सगळ्यांसमोर लेकीबद्दल बोलले.

"बरकत बाहेर जाती म्हणता. जाऊ दे. समदी जाऊ दे. माझ्या महादेवीच्या घराला म्या येक भोक ठेवलं न्हवतं. येक दगड आतनं बाहेर येऊ दिला न्हवता. काहीसुदिक बाहेर गेलं न्हाई, अण्णा. समदं आतच राहिलं. तीबी."

मल्लप्पाअण्णा काठी टेकत एक पाऊल मागे सरले.

मामांनी हातोडा उचलला, मग थांबून माझ्याकडे पाहिलं.

"इंजिनेर बाई, बघत काय बसला? आतनं कोण धरणार?"

मी ओढणी कमरेला बांधली आणि घरात गेले. पलीकडून पहिला घाव बसला तेव्हा दोन्ही हात मी भिंतीला लावून ठेवले होते.